रात्रीला काय केलंत?

जामसंडे,
ता. ९ जुलै १९५७

सौ. यशोदाबाई विहीणबाईंना सत्यवतीचा नमस्कार.

लग्नाला दोन महिने होऊन गेले. मांडवात आपण दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने वागलो, की बोलणं असं काही झालंच नाही. म्हटलं, आता पत्रानेच ओळख करून घ्यावी. पावसामुळे आगबोटी बंद आहेत, खाड्यांवरच्या तरींचा भरवसा नाही, आणि लेकीच्या सासरी आईने उठसूट जाऊन बसू नये ही आपल्याकडची रीत. राहता राहिलं पोस्ट.

आनंदी आपल्या वडिलांना पत्र लिहिते. "मी मजेत आहे, काळजी नसावी." चार पत्रं आली, चारही पत्रांत एवढंच. हेडमास्तरांची मुलगी असून निबंध तिला कधी जमला नाही.

मागच्या आठवड्यात भाईंचा, म्हणजे आनंदीच्या वडिलांचा, चुलतभाऊ लवू येऊन गेला. तो सर्वे खात्यात आहे. कामासाठी शिरोड्याला गेला होता, तेव्हा तुमच्या घरी पाणी पिऊन आला. म्हणाला, "वहिनी, आनंदी बरीच वाळली गो. लग्नातलो चुडो कोपरापर्यंत जाता." लवूला चाळिशी लागली आहे आणि चष्मा करायचं तो टाळतो आहे, तेव्हा त्याच्या बघण्याला किती किंमत द्यायची हा प्रश्नच आहे. पण ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. तुम्हालाही मुलगी आहे.

तर विचारायचं ते एवढंच, की तुमच्याकडे रात्रीला काय करता? रोजचं, साधं. सणावाराचं नको. आमच्याकडे काल कावेरीने, म्हणजे माझ्या थोरल्या सुनेने, कुळथाची पिठी, उकडा भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा केला होता. भाईंनी दोनदा भात घेतला. तुम्ही लिहिलंत म्हणजे पाटावर बसताना मला कळेल, की आनंदी आत्ता अमुक जेवत असेल.

सर्वांना यथायोग्य.

सत्यवती


शिरोडा,
ता. २१ जुलै १९५७

सत्यवतीबाईंना यशोदेचा नमस्कार.

पत्र पोचलं. मी दुकानदाराची बायको, मला आडून विचारलेलं लवकर कळतं. तुमच्या मुलीला आम्ही पोटभर घालतो का, असं तुम्हाला विचारायचं आहे. घालतो. मला राग आलेला नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं, फक्त इतकी साखर पेरली नसती.

आता रात्रीचं सांगते. काल काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि भात. त्याच्या आदल्या दिवशी सुक्या सुंगटांची किसमूर, सोलांची कढी, आठळ्या घालून टाकळ्याची भाजी. बुधवारी उडीदमेथी केली. तुमच्या बाजूला ती करत नाहीत असं ऐकते. उडीद आणि मेथी तेलावर भाजून नारळाबरोबर वाटायची आणि त्यात आंबाडे सोडायचे. आमच्या बाबांना, म्हणजे तुमच्या व्याह्यांना, ती असली की दुसरं काही लागत नाही. सोमवारी एकवेळ असते, तेव्हा रात्री साधं वरण.

घरात काही कमी नाही. पण आनंदी खाते चिमणीसारखी. उडीदमेथीला तिने तोंड वाकडं केलं नाही, पण चांगली झाली असंही म्हणाली नाही. आमच्या हातची चव तिला मानवत नसावी. ती तुमच्याकडे काय आवडीने खायची ते कळवा. गिऱ्हाईक तोंडच उघडत नसेल, तर माल काढायचा कुठला?

लवूभाऊजींना म्हणावं, चष्मा करा. पण त्यांनी पाहिलं ते खोटं नाही.

यशोदा


जामसंडे,
ता. ६ ऑगस्ट १९५७

सौ. यशोदाबाईंना सत्यवतीचा नमस्कार.

आंबाड्यात मेथी घालायची हे मी प्रथमच वाचलं. भाईंना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले औषधी असेल. असो, ज्याचं त्याला गोड.

मात्र एक स्पष्ट लिहिते. माझी मुलगी खाण्यापिण्यात नखरेल नाही. "चिमणीसारखी" हा शब्द मला लागला. इथे असताना ती माझ्याबरोबर बसून चांगली तीन वेळा भात घ्यायची. आणि सासरी निघाली तेव्हा तिला मी बजावून पाठवलं आहे, की घरातल्या सगळ्यांची पानं उठल्याशिवाय आपण बसायचं नाही. ताटात काय आलं, किती आलं, यावर तोंड उघडायचं नाही आणि मागून घेणं तर नाहीच. आमची कावेरी गेली सहा वर्षं अशीच वागते आहे. आनंदीने ते डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा वळण लावण्यात मी कुठे कमी पडले असेन असं मला वाटत नाही.

आवड म्हणाल तर अळूचं फदफदं. त्यात आठळ्या आणि भिजवलेले शेंगदाणे, वरून नारळाचा रस, आणि आंबटाला सोलं. चिंच नको, चिंचेने घसा धरतो तिचा. श्रावण आहे, मासळी, नुस्तं काही नाही, तेव्हा तुम्हालाही करायला सोपं. काल रात्रीला कावेरीने तेच केलं होतं. पातेलं कधी संपलं कळलं नाही.

लवू पुन्हा त्या बाजूला येतो आहे. त्याच्याबरोबर आंब्याच्या लोणच्याची बरणी पाठवते आहे. बरणी परत नको.

सत्यवती


शिरोडा,
ता. ५ सप्टेंबर १९५७

सत्यवतीबाईंना यशोदेचा नमस्कार.

चवथ झाली, गणपती गेले. लोणचं पोचलं, बाबांना आवडलं.

काल रात्रीला फदफदं केलं. तुमचं पत्र आल्यापासून चौथ्यांदा. सोलं घालून, अगदी तुम्ही लिहिलंत तसं. घरातले सगळे जेवले. आनंदीने हात लावला नाही. मागीलदारी सुगंधा येते, आमचे माड राखणाऱ्याची बायको. राहिलेलं ती घेऊन जाते आणि भांडी तिथेच घासायला घेते. रात्रीचं शिजवलेलं आमच्याकडे ठेवायची पद्धत नाही. सुगंधेची पोरं तुमच्या फदफद्यावर गुबगुबीत झाली आहेत, त्यांची दृष्ट काढायची पाळी आली आहे.

हे थट्टेने लिहिलं, पण मन थट्टेत नाही. परवा आनंदी विहिरीवर घेरी येऊन पडली. कळशी फुटली नाही, ती पडली आणि कळशी सरळ उभी. आम्हाला वाटलं गोड बातमी आहे. वैद्यांनी नाडी पाहिली, म्हणाले तसं काही नाही, पोरीच्या अंगात रक्तच नाही. काढा दिला आहे. काढा मात्र सांगितल्या वेळी घेते. आणि सकाळची पेज पिते. पेजेला आमच्याकडे पंगत नसते, ज्याने त्याने आपला वाडगा भरून घ्यायचा. दुपारचंही रात्रीसारखंच, तेव्हा त्या पेजेवर तिचा दिवस निघतो.

तुमच्या जावयाला, गुरुदासला, सांगून पाहिलं. तो आठवडाभर वेंगुर्ल्याला कचेरीत, शनिवारी येतो. म्हणाला, "तुमचां बायकांचां तुमी बघा." बापाचाच मुलगा.

मला भीती वाटते, विहीणबाई. हे मी लिहिणार नव्हते. पण मुलगी तुमची आहे आणि उद्या काही झालं तर माझ्याकडे उत्तर नाही.

यशोदा


जामसंडे,
ता. १४ सप्टेंबर १९५७

यशोदाबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच बंदरावर माणूस धाडला. आगबोटी सुरू झाल्या असं बंदरावरून कळलं. तिला ताबडतोब पाठवा. कोणी सोबत नसेल तर लवूला पाठवते. वैद्य आमच्याकडेही आहेत.

आज रात्रीला काय केलं ते लिहायला मला सुचत नाही. कावेरीने काहीतरी केलं आहे, वास येतो आहे.

सत्यवती


शिरोडा,
ता. २५ सप्टेंबर १९५७

सत्यवतीबाईंना नमस्कार.

इतक्यात बोटीचा प्रवास नको असं वैद्य म्हणतात. बोट लागली तर आहे तेही पोटात राहायचं नाही. दिवाळसणाला गुरुदास तिला घेऊन येईल, तेव्हा चार दिवस जास्त ठेवून घ्या. तोवर मी पेजेत तूप घालून देते आहे. ते ती पिते.

एक मागणं आहे. तिथे आली की तिला विचारा, इथलं तिला काय आवडत नाही. मी विचारलं की ती खाली बघते आणि "तसां काय नाय" म्हणते. काल ताजे पेडवे आले होते. तिरफळं घालून सुकं केलं. तेही तसंच गेलं.

यशोदा


जामसंडे,
ता. २८ ऑक्टोबर १९५७

यशोदाबाई,

नमस्कार लिहिण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

जावईबापू काल परत गेले. आनंदी इथेच आहे आणि इथेच राहील. का, ते वाचा.

देवगडला बोटीतून उतरली तेव्हा तिला होडीवाल्याने एका हाताने उचलून धक्क्यावर ठेवली. त्या रात्री घरात सरंग्याची आमटी होती, तळलेल्या तुकड्या होत्या. पुरुषांची पानं उठली आणि मी म्हटलं, आनंदी, बस माझ्याबरोबर. ती उभीच. मी हाताला धरून बसवली तेव्हा बसली. मग ती जेवली, यशोदाबाई. मी मोजलं नाही, आईने मोजू नये, पण कावेरी वाढून दमली. आमटीचं भांडं खरवडून झालं तरी माझ्या मुलीची नजर त्या भांड्यावरून हलेना. जेवता जेवताच रडायला लागली.

मी विचारलं, "बाय, तुझ्या सासरी काय नसता?"

म्हणाली, "सगळां आसता, आई. माझी पाळी येता तेव्हा भांडी घासूक पडलेली आसतत."

पाच महिने! तुम्ही मायलेकी जेवून उठता आणि राहिलेलं मागीलदारी जातं. माड राखणाऱ्याच्या पोरांची दृष्ट काढायची पाळी येते आणि घरची सून विहिरीवर पडते. हे तुम्ही स्वतः मला लिहिलंत आणि मी मूर्खासारखी तुमचा दानधर्म समजून वाचत गेले. चार वेळा फदफदं केलंत म्हणे. कोणासाठी?

तिने मागितलं नाही, कारण मागायचं नाही असं तिला मीच सांगितलं होतं. पण न मागणाऱ्याला उपाशी ठेवायचं हे तुम्हाला कोणी सांगितलं?

भाई म्हणतात, सबुरीने घे. सबुरीने घेणारे भाई. मी घेणार नाही. तुमच्याकडून उत्तर आल्याशिवाय ती शिरोड्याचा उंबरा चढणार नाही, आणि कसलं उत्तर आलं म्हणजे मी पाठवीन, तेही आज मला सांगता येत नाही.

सत्यवती


शिरोडा,
ता. ८ नोव्हेंबर १९५७

सत्यवतीबाईंना यशोदेचा नमस्कार.

तुम्ही घातला नाहीत तरी मी घालते.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस पेजेवर काढले. बाबांना वाटलं दात दुखतो. आता लिहिते ते नीट वाचा. नंतर काय ठरवायचं ते ठरवा.

मी चौदाव्या वर्षी या घरात आले. सासूबाई, दोन जावा, आतेसासूबाई, या सगळ्या जेवल्यावर माझा नंबर. कधी भात उरायचा तर आमटी नसायची. कधी नुसती आमटी. मागायची सोय नव्हती. माझा पहिला मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला. मला दूधच नव्हतं. लोक म्हणाले, देवाची मर्जी. मला ठाऊक होतं कोणाची मर्जी ते, पण बोलणार कोणाशी? एकोणीस वर्षं मी सगळ्यांच्या मागाहून जेवले.

सासूबाई गेल्या, तेरावा झाला आणि त्या रात्री मी घरात नियम घातला. पुरुष उठले की सगळ्या बायकांनी एकदम बसायचं. कोणी मागे राहायचं नाही, कोणासाठी उरवायचं नाही. उरलेलं दिसलं की ते कोणीतरी मागाहून खाणार, म्हणून मी भांडी रिकामीच करून टाकते. मनात म्हटलं होतं, माझी सून येईल तिला खरवड काय असते ते कळणार नाही.

तुमची आनंदी आली. पहिल्या रात्री मी तिचा पाट माझ्या शेजारी मांडला. म्हटलं, "आनंदी, बस गो." म्हणाली, "तुमी जेवा, मी मगे जेवतंय." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, हेडमास्तरांची मुलगी, दुकानदाराच्या बायकोच्या पाटाला पाट लावून बसायला कमीपणा वाटत असेल. भूक असेल तर बसेल, नाहीतर राहील. रोज एकदा "बस गो" म्हणायचं मी सोडलं नाही, पण दुसऱ्यांदा कधी म्हटलं नाही. राग होता मनात. सुनीती माझी दहा वर्षांची, तीही मला म्हणाली होती, "वैनी कधी जेवता गो?" मी तिला गप्प बसवलं.

सुनेने मागाहून उपाशी राहू नये म्हणून केलेल्या नियमाने मी सुनेला उपाशी ठेवलं. मला क्षमा मागता येत नाही, कोणाची कधी मागितलेली नाही. पण जे झालं ते माझ्या घरात झालं आणि माझ्या डोळ्यांसमोर झालं.

तिला पाठवा असं म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते. पाठवायची ठरवलीत तर एक करा. मी हजारदा बस म्हटलं तरी ती बसायची नाही, कारण ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. तुम्ही शिकवलेलं आहे, तुम्हीच काढा.

परवा रात्रीला मुडदुशांची आमटी केली होती. जेवताना मी तिचा पाट मांडला. सवय झाली आहे.

यशोदा


जामसंडे,
ता. २० नोव्हेंबर १९५७

सौ. यशोदाबाईंना सत्यवतीचा मनापासून नमस्कार.

तुमचं पत्र भाईंना दाखवलं नाही. आनंदीला मात्र सबंध वाचून दाखवलं. तिने पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "त्येनी माका रोज बस म्हटल्यानी, आई. माका वाटलां, म्हणूचां म्हणान म्हणतत." तोंडदेखलं म्हणत असतील, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांत तिने आपल्या माहेरी सुनेला कोणी मनापासून बस म्हटलेलं ऐकलं नव्हतं, मग तिला तरी कसं कळावं?

शुक्रवारच्या बोटीने ती निघते. लवू सोबत आहे, नव्या चष्म्यासकट. माझं शिकवलेलं मी काढलं आहे. पहिल्या हाकेला बस, लागेल ते मागून घे, एवढंच आता सांगितलं आहे. मागच्या पत्रात मी तुम्हाला जे बोलले ते बोलायचा मला अधिकार नव्हता. का, ते आता सांगते.

जेवून उठले की मी ओटीवर जाऊन बसते. कावेरी या घरात आली तेव्हापासूनची ही सवय. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ओटीवर न जाता परत आत गेले. कावेरी चुलीपाशी बसली होती. ताटात खरवडीचा भात, त्यावर सोलांची कढी. आमटीचं भांडं तिने जवळ ओढून घेतलं होतं आणि भाताचा घास त्यात फिरवून ते पुसून घेत होती.

मी म्हटलं, "नुस्त्याचो तुकडो नाय ठेवलंस तुका?"

"उरलो नाय."

"रोज असांच?"

"नाय ओ आई," ती म्हणाली. "भाई भायर गेले की उरता."

भाई शाळांच्या कामाला परगावी जातात वर्षातून आठदहा वेळा. ती तक्रार करत नव्हती. मी विचारलं म्हणून तिने सांगितलं, आणि मी उभी राहिल्यामुळे तिला खाता येईना म्हणून मी जायची वाट बघत बसली.

जुलैपासून मी तुम्हाला कळवते आहे, काल कावेरीने पिठी केली, परवा फदफदं केलं, पातेलं कधी संपलं कळलं नाही. साठ मैलांवर माझ्या मुलीच्या ताटात काय पडतं म्हणून मी झुरत होते आणि माझ्या चुलीपाशी दुसऱ्या कोणाची तरी मुलगी भांडं पुसून खात होती. तिची आई दोडामार्गाला आहे. तिने मला असं पत्र कधी लिहिलं नाही. लिहिता येत नाही तिला. मला शरम वाटते, यशोदाबाई. हे तुम्हालाच लिहू शकते.

काल रात्रीला भात, मुळ्याची कोशिंबीर आणि तिरफळं घालून बांगड्याची आमटी होती. पुरुष उठल्यावर मी तीन पाट मांडले. कावेरी म्हणाली, "तुमी बसा, मी मगे बसतंय." मी म्हटलं, तर मग मीही मगे बसतंय. ती बसेना, मी बसेना, आमटी निवत चालली. ओटीवरून भाईंनी विचारलं, आत काय चाललं आहे? शेवटी आनंदीने तिचा हात धरून तिला खाली ओढली.

मी स्वतः वाढलं, तिघींना दोन दोन बांगडे. कावेरी मान खाली घालून जेवत होती. एक बांगडा तिने काटा चोखून संपवला. दुसरा ताटाच्या कडेला सारला आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"ह्यो कोणाक ठेवू, आई?"

सत्यवती